तालुक्याच्या शाळेत ट्रान्सजेंडर विद्यार्थी: बोभाटा कुठून सुरू होतो आणि शाळेने काय करावं

तालुक्याच्या गावात शाळेतली गोष्ट शाळेत राहत नाही. शिपाईमामांची पुतणी त्याच शाळेत शिकते, मुख्याध्यापक बाजारच्या दिवशी भाजी घेताना पालकांना भेटतात, आणि पहिल्या तासाला वर्गात काही झालं तर मधल्या सुट्टीपर्यंत एसटी स्टँडवरच्या टपरीत त्याची चर्चा चालू असते. अशा गावात आठवी-नववीतलं एखादं मूल, ज्याची नोंद मुलगा म्हणून आहे, केस वाढवू लागतं, नखं रंगवून येतं, ‘मी आले’ म्हणतं. किंवा मुलगी म्हणून नोंद असलेलं मूल केस बारीक करून येतं आणि पँटच घालणार म्हणून हटून बसतं. पुढे काय काय होतं आणि त्यात शाळेच्या हातात काय असतं, ते इथे मांडलं आहे.

गाव लिंगभावाच्या सिद्धांतावर भांडत नाही. भांडण पेटतं ते हजेरीवरून, बाथरूमवरून, गणवेशावरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एखाद्या फोटोवरून. या गोष्टी शाळेने पहिल्या पंधरवड्यात गाजावाजा न करता मार्गी लावल्या, तर पालकसभेत ओरडायला फारसं काही उरत नाही. लोंबकळत ठेवल्या, की संस्कार, संस्कृती, परदेशी फॅड हे सगळे विषय निघतात आणि मग शाळेला उत्तरं सुचत नाहीत.

थोडी ओळख

बाळ जन्मलं की शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. बहुतेकांची स्वतःबद्दलची जाणीव त्या नोंदीशी जुळते, काहींची जुळत नाही. ज्यांची जुळत नाही ते ट्रान्सजेंडर. सरकारी कागदांत तृतीयपंथी किंवा पारलिंगी. मुलगा म्हणून नोंद झालेली पण स्वतःला मुलगी मानणारी ती ट्रान्स मुलगी, आणि उलट असेल तर ट्रान्स मुलगा. ज्यांच्या शरीराची रचनाच जन्मतः ठरावीक साच्यात बसत नाही ती इंटरसेक्स मुलं, हा वेगळा विषय. कोणाला कोण आवडतं हा तर त्याहून वेगळा. गावात तिन्हींची एकच मोट बांधली जाते, आणि स्टाफरूममध्येही.

‘आमच्या भागात असलं काही नसतं’ हे पहिलं वाक्य ऐकू येतं. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेले देशात ४,८७,८०३ लोक होते, महाराष्ट्रात ४०,८९१. देशातल्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ लेकरं होती, म्हणजे ही नोंद घरातल्या मोठ्यांनीच सांगितलेली. यात इंटरसेक्स मुलं असतील, गणकांच्या चुकाही असतील. तरी मोठ्या शहरांपुरता हा विषय आहे असं म्हणायला हा आकडा जागा ठेवत नाही.

दुसरं वाक्य: ‘डॉक्टरला दाखवा, बरा होईल.’ जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात ही बाब मानसिक विकारांच्या यादीत नाही. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये, अशा माणसाला ‘बदलून देण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. समुपदेशकाकडे जरूर न्यावं, पण ते मुलाला छळ, भीती आणि झोप न लागणं यांतून सावरायला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

तिसरं वाक्य नसून अफवा असते: शाळा पोरांची ऑपरेशनं करायला लावते. शाळेच्या वयात जो बदल होतो तो हाक मारायचं नाव, कपडे आणि केस एवढाच. शस्त्रक्रिया या सज्ञान झाल्यानंतरच्या गोष्टी आहेत आणि औषधांचा विषय निघालाच तर तो पालक आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्यातला. मुख्याध्यापकांनी हे एका वाक्यात, विचारलं तर, सांगावं. न विचारता सांगायला गेलं की अफवेला पाय फुटतात.

घरी कळवण्याआधी

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वर्गशिक्षकांच्या एका फोनने. ‘तुमचा मुलगा जरा बायकी वागतोय, लक्ष द्या.’ फोन करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्या रात्री घरात पट्टा निघतो, दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येत नाही, आणि आठवड्याभराने कळतं की त्याला मामाच्या गावी पाठवलं.

सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात आणखी एक वळण लागू शकतं. मुलाचं वागणं बायकी वाटलं, त्यात केसांत जट झाली, की यल्लम्माचं बोलावणं आलं असं धरून त्याला देवीला सोडायची, जोगता करायची रूढी आहे. जट ही केस न धुतल्या-विंचरल्याने झालेली गुंतावळ असते आणि कात्रीने कापता येते, हे तिथल्या शिक्षकांनी ठामपणे सांगायला हवं. बाकी ठिकाणी देवऋषी, उतारा, मिरचीची धुरी. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. ‘त्याला त्याच्या लोकांत नेऊन सोडा’ असं सुचवणारेही भेटतात. ट्रान्सजेंडर आहे एवढ्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येत नाही, त्याला न्यायालयाचा आदेश लागतो, असं २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याचं कलम १२ सांगतं.

म्हणून फोन उचलण्याआधी मुलाला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारावेत: घरात कोणाला माहीत आहे? कोणाला सांगितलं तर चालेल? कोणाला कळलं तर मार बसेल? बऱ्याचदा मोठी बहीण, आजी किंवा एखादी मावशी असते आणि सुरुवात तिच्यापासून करता येते. पालकांनी थेट विचारलं तर खोटं बोलू नये, पण बोलणं अभ्यास आणि सुरक्षितता यांवर ठेवावं. घरात मारहाण चालू असेल तर चाइल्डलाइन १०९८ आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती हे रस्ते आहेत. ‘घरगुती मामला’ म्हणून गप्प बसायचं नाही.

हजेरी, टाळी आणि मस्ती

हजेरीपत्रकात बहुधा आधी मुलांची नावं, मग मुलींची. रोज सकाळी साऱ्या वर्गासमोर नाव पुकारलं जातं, मूल ‘हजर’ म्हणतं आणि मागच्या बाकावरून टाळी वाजते. ती एक विशिष्ट टाळी, सगळ्यांना कळणारी. शिक्षकही कधी कधी ओठ दाबून हसतात. छळाची सुरुवात नेमकी इथे होते, कारण शिक्षक हसले म्हणजे वर्गाला मोकळीक मिळाली.

याला सोपा उपाय आहे: पूर्ण वर्गाची हजेरी क्रमांकाने घ्या. ‘एक, हजर. दोन, हजर.’ कोणाला वेगळं काढलं जात नाही, कागदोपत्री काही बदलावं लागत नाही, आणि मुलाला दिवसाची सुरुवात नको असलेल्या नावाने करावी लागत नाही. मराठीत क्रियापदच आला की आली ते सांगून टाकतं, त्यामुळे शिक्षकांना ‘तू आला का’ऐवजी काय म्हणायचं हे ठरवावंच लागतं. मुलाला एकट्यात विचारावं आणि तसं बोलावं. ज्या शिक्षकांची जीभ वळत नाही त्यांनी ‘आज उशीर झाला?’ असं विचारून वेळ मारून नेली तरी चालेल. मात्र मूल ‘मी आले’ म्हणालं म्हणून त्याचं व्याकरण सुधारायला जाऊ नये. सुधारायचं असेल तर हसणाऱ्यांना.

टाळी वाजली की त्याच तासाला, त्याच विद्यार्थ्याशी बोलायचं. वर्गापुढे त्या मुलाला उभं करून ‘हा आपल्यासारखाच माणूस आहे’ असं व्याख्यान द्यायचं नाही. चांगल्या मनाने केलेली ही सगळ्यात वाईट गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालतं, आणि हे शिक्षकांच्या टोमण्यांनाही लागू आहे. त्याच कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, मग पालकांचं शिष्टमंडळ कितीही मोठं असो.

आता ज्याला शाळा ‘मस्ती’ म्हणून झटकते ते. ‘खरं काय आहे ते बघू’ म्हणून मुतारीत चड्डी ओढणं, छातीला हात लावणं, मोबाइलवर शूट करणं. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालची कोणतीही व्यक्ती म्हणजे बालक. मुलगा, मुलगी, ट्रान्स असा भेद नाही. असा प्रकार कळला की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दाबून ठेवला तर एक वर्षापर्यंत. करणारी मुलंही अल्पवयीन असतील तर त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. ‘दोन्हीकडचे पालक बोलावून मिटवलं’ हा मार्ग कायद्यात नाही.

बाथरूम

गावातला सगळ्यात मोठा आक्षेप हाच: ‘आमच्या पोरींच्या बाथरूमात मुलगा जाणार का?’ आणि मुलाची सगळ्यात मोठी अडचणही हीच. जुन्या शाळांत मुलांच्या बाजूला आडोसा नसलेली ओळीने मुतारी असते. ट्रान्स मुलगी तिथे जात नाही, मुलींच्या बाजूला तिला जाऊ देत नाहीत. मग ती सकाळपासून पाणी पीत नाही. डोकं दुखणं, चौथ्या-पाचव्या तासाला चक्कर, लघवीची जळजळ, वारंवार संसर्ग, आणि शेवटी ‘पोट दुखतंय’ म्हणून घरी. हजेरीपत्रकात दुपारनंतरच्या खाड्यांचं कारण कित्येकदा इतकं साधं असतं.

बऱ्याच शाळांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी रॅम्प आणि कठडा असलेलं एक स्वतंत्र स्वच्छतागृह असतं. एकच खोली, एकच दार, आतून कडी. उत्तर तिथेच आहे, फक्त बहुतेक वेळा त्याला कुलूप असतं, आत निवडणुकीचे बाक किंवा खिचडीची जुनी पातेली रचलेली असतात आणि नळाला पाणी नसतं. आधी ते मोकळं करा. कडी आतून नीट लागते का, दाराला फट आहे का, खिडकीला काच किंवा जाळी आहे का, बादली-मग आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का, हे शिक्षकांपैकी एकाने आत उभं राहून पाहावं. शाळेच्या वेळात ते उघडं असावं. किल्ली क्लार्ककडे ठेवली की मुलाला दर वेळी ऑफिसात, चार लोकांसमोर, मागावी लागते आणि ते मागणं बंद करतं.

दारावर ‘तृतीयपंथी’ अशी पाटी लावू नका. ते सर्वांसाठी खुलं ठेवा: पाय मोडलेला मुलगा, पाळी आलेली मुलगी, पोट बिघडलेलं कोणीही. दिव्यांग विद्यार्थ्याचा हक्क अर्थात पहिला. पालक तक्रार घेऊन आले की उत्तर द्यायला सोपं जातं: ‘शाळेत आतून कडी लागणारं एक स्वच्छतागृह सगळ्यांसाठी खुलं आहे, कोणाच्याही मुलीला तिथे जायचं असेल तर जावं.’ बहुतेकांचा राग इथे निवतो, कारण त्यांना खरोखर आपल्या मुलीचीच काळजी असते.

ट्रान्स मुलाचा, म्हणजे मुलगी म्हणून नोंद असलेल्याचा, प्रश्न पाळीचा. सॅनिटरी पॅड फक्त मॅडमकडे किंवा मुलींच्या बाथरूममध्ये मिळत असतील तर तो मागत नाही. याच स्वच्छतागृहात एका डब्यात ठेवून द्यावेत. शिवाय अशी काही मुलं छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज गच्च आवळून येतात. त्याने श्वास अपुरा पडतो, बरगड्या दुखतात, उन्हात धावताना भोवळ येते. क्रीडाशिक्षकांनी ‘नाटकं करू नको’ म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं. सैल टी-शर्ट आणि आतून घट्टसर बनियन हे सुरक्षित.

गणवेशाचं फार ताणू नये. पी.टी.चा ट्रॅकपँट आणि टी-शर्ट मुलामुलींना सारखाच असतो; तो कोणत्याही दिवशी कोणालाही चालेल अशी सूचना फळ्यावर लिहिली की काम झालं. केसांच्या लांबीवरून गेटवर कात्री चालवणं हा मात्र सरळ कलम १७ चा भंग आहे.

कागदपत्रं: क्रम चुकला की वर्षं जातात

एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्यावी. मुलाला नीट वागवण्यासाठी शाळेला कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही. हाक मारायचं नाव, हजेरी, बाथरूम हे सगळं मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत आहे. कागद बदलायचे की नाही हा निर्णय कुटुंबाचा. काही जण अठरा पूर्ण होईपर्यंत थांबतात आणि त्यातही शहाणपण असतं.

बदलायचेच असतील तर क्रम महत्त्वाचा. २०१९ चा मूळ कायदा आणि २०२० च्या नियमांप्रमाणे ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो आणि अल्पवयीन मुलासाठी तो आई, वडील किंवा पालकांनी करायचा असतो. या प्रमाणपत्राच्या अटींत दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे भरण्याआधी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावेत. नाव बदलायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्धी. मग आधार. आधारमध्ये नाव दोनदा आणि लिंग एकदाच बदलता येतं, म्हणून घाईत अर्धवट बदल करून संधी घालवू नये. त्यानंतर शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची मूळ नोंदवही; त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शेवटी यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतली नोंद, ज्यात लिंगाच्या रकान्यात ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे.

बहुतेक घोळ आधार एकीकडे आणि जनरल रजिस्टर दुसरीकडे राहिल्याने होतो. नाव जुळत नाही, शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात, क्लार्क वैतागतो आणि दोष मुलावर येतो. दुसरा घोळ वेळेचा. दहावीचा बोर्डाचा अर्ज ज्या नावाने जातो तेच गुणपत्रिकेवर येतं, आणि एकदा गुणपत्रिका छापली की विभागीय मंडळाच्या फेऱ्या सुरू. म्हणून हे सगळं नववीत उरकावं, किंवा निदान बोर्डाकडून तपासायला येणाऱ्या नावांच्या यादीवर, प्री-लिस्टवर, सही करण्याआधी.

पालकसभा, स्टाफरूम आणि मोबाइल

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कोणीतरी म्हणणारच, ‘हा विषय अजेंड्यावर घ्या.’ घेऊ नये. एका मुलाबद्दल सभेत चर्चा करून ठराव करायचा नसतो. मुख्याध्यापकांनी एवढंच म्हणावं: ‘कोणत्याही एका विद्यार्थ्याबद्दल आम्ही सभेत बोलत नाही, तुमच्या मुलाबद्दलही बोलणार नाही. तुमच्या मुलाला काही त्रास झाला असेल तर मला एकट्याला भेटा.’ यातलं मधलं वाक्य फार कामाचं आहे. ते ऐकल्यावर समोरचा पालक स्वतःच्या पोराचा विचार करतो.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडला तर अ‍ॅडमिन असलेल्या शिक्षकांनी तो लगेच काढावा, आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, आणि ग्रुपवर वाद न घालता टाकणाऱ्याला फोन करावा. यूट्यूब चॅनेलवाला माइक घेऊन गेटवर आला तर बाइट नाही. ‘आमची शाळा किती पुढारलेली’ हे सांगायलाही नाही. कौतुकाच्या बातमीनेही मुलाचा चेहरा गावभर होतो.

स्टाफरूमचं काय? शिक्षकांना शिकवायला कोणी आलेलं नसतं हे मान्य करायला हवं. एनसीईआरटीने २०२१ मध्ये याच विषयावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला आणि ती काही दिवसांत संकेतस्थळावरून गायब झाली. म्हणून शाळेला कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. २०१४ च्या नालसा निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ च्या कायद्याचं कलम १३ मान्यताप्राप्त शाळांवर भेदभाव न करण्याचं बंधन घालतं, खेळ आणि मनोरंजनाच्या उपक्रमांसकट; कलम १८ खाली छळाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जेन कौशिक या ट्रान्स शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली आणि हा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल सरकारांना सुनावलं. संस्थाचालकांना हक्कांपेक्षा ही भरपाईची गोष्ट लवकर समजते.

तक्रार कोणाकडे करायची ते नाव नोटीस बोर्डावर हवं. २०२० च्या नियमांनी शाळांना त्यासाठी समिती ठेवायला सांगितलं आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आहेतच. त्यातल्या एका सदस्याला हे काम नेमून द्यावं, नवीन फलक रंगवत बसू नये.

तालुका स्पर्धांचा गट कोणता हे प्रवेशिका भरण्याआधी आयोजकांना मुलाचं नाव न घेता विचारावं, मैदानावर वाद होऊ देऊ नये. वसतिगृहात असेल तर वॉर्डनच्या खोलीजवळची लहान खोली आणि आतून कडी लागणारं न्हाणीघर, इतकं पाहिलं तरी रात्रीचे बरेच प्रसंग टळतात.

दहावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला द्यायची वेळ येते. अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला, गुणपत्रिका आणि आधार या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच आहे ना, हे क्लार्कने दाखला छापण्याआधी मुलाला समोर बसवून तपासावं. शेऱ्याच्या रकान्यात ‘वर्तन चांगले’ याशिवाय काही लिहू नये. आणि नव्या कॉलेजच्या प्राचार्यांना आधी फोन करून ‘कल्पना देऊन ठेवायची’ इच्छा झाली, तर तो फोन मुलाने हो म्हटल्यावरच करावा.